बफेलोहून मागव, म्हणे!

ऑक्टोबर संपत आला की ओंटारिओतल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुतेक वेळा पहिलाच हिवाळा बघणारा असतो. ‘नमस्कार मंडळी, जुनी कोरोला घेतली आहे, विंटर टायर कुठून घ्यावेत?’ दहा मिनिटांत उत्तर येतं आणि ते दरवर्षी जवळजवळ शब्दशः तेच असतं. ‘इथे घेऊ नकोस रे, लुटतात. अमेरिकेच्या साइटवरून मागव, रिमवर चढवून, बॅलन्स करून येतात. बफेलोचा पत्ता दे, शनिवारी जाऊन उचल.’ खाली आठ-दहा अंगठे. एखादे काका ‘मी पंधरा वर्षं तिकडूनच आणतोय’ अशी भर घालतात आणि विषय संपतो.

तो तिथे संपू नये, असं माझं म्हणणं आहे. हा सल्ला देणं बंद करा. तुम्ही स्वतः खुशाल जा, खुशाल आणा, पुलावर सेल्फी काढा. पण नवीन आलेल्या पोराला, बर्फाच्या तोंडावर, ‘बफेलोहून मागव’ असं सांगणं आज हिशेबाने चुकीचं आहे. आणि हिशेब बाजूला ठेवला, तर त्याहून जास्त चुकीचं आहे.

पुण्या-नाशकात बसून वाचणाऱ्यांना हे सगळं प्रकरण काय आहे ते सांगायला हवं, कारण आपल्याकडे टायर म्हणजे टायर. पावसाळ्याआधी नक्षी किती उरली ते बघायचं, गुळगुळीत झाला असेल तर बदलायचा, फार तर रिमोल्ड करून आणखी वर्षभर ढकलायचा. इथे टायरचं रबरच दोन प्रकारचं असतं. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली नेहमीच्या टायरचं रबर कडक व्हायला लागतं आणि रस्त्याला धरून ठेवण्याची त्याची ताकद कमी होते. हे व्हायला बर्फ पडावाच लागतो असं नाही. नोव्हेंबरातल्या कोरड्या, थंड सकाळीही ते होतं. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, आणि त्याच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात, ज्या बर्फाला आणि बर्फाखालच्या पाण्याला धरतात. त्याच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत बर्फाची चांदणी असं चिन्ह असतं. नुसतं ‘एम अँड एस’ लिहिलेलं असेल तर ते नक्षीबद्दल आहे, थंडीतल्या चाचणीबद्दल नाही. आणि ‘ऑल-सीझन’ हे नाव ज्याने ठेवलं त्याने विनिपेगचा जानेवारी पाहिला नसावा.

वर्षातून दोनदा हे टायर बदलावे लागतात. दर वेळी रिमवरून टायर उतरवणं आणि चढवणं महाग पडतं आणि टायरच्या कडाही खराब होतात, म्हणून लोक दुसऱ्या चार रिम घेऊन पूर्ण चाकांचा वेगळा सेटच करून ठेवतात. आपल्याकडे स्टेपनी एक असते, इथे चार, असं समजा. हा सेट साध्या गाडीसाठीही हजार-बाराशे डॉलरच्या घरात जातो. नवीन आलेल्या माणसाला हा आकडा ऐकून घाम फुटतो आणि तिथेच बफेलोचं गाजर दिसतं.

आता हिशेब. आकडे मी समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या गाडीचे तुम्ही घाला. सोळा इंची चार टायर प्रत्येकी १३० अमेरिकी डॉलर, चार साध्या लोखंडी रिम प्रत्येकी ७५. झाले ८२०. डॉलरचा भाव १.४० धरला तर ११४८ कॅनेडियन. सल्ला देणाऱ्याच्या डोक्यातला हिशेब इथेच थांबतो, फार तर तो वरून आपल्या इथला तेरा टक्के एचएसटी मिळवतो. पण माल बफेलोच्या पत्त्यावर गेला की न्यूयॉर्क राज्याचा आणि ईरी काउंटीचा मिळून ८.७५ टक्के विक्रीकर लागतो, आणि परदेशी ग्राहकाला तो परत मिळण्याची सोय न्यूयॉर्कमध्ये नाही. मग पार्सल ठेवून घेणाऱ्या डेपोचं भाडं. चार चाकं म्हणजे चार नग, नगाला दहा डॉलर धरा. क्रेडिट कार्डाचे परकीय चलनाचे अडीच टक्के. परत येताना सीमेवर एचएसटी १४९ डॉलर. मिसिसागाहून जाऊन-येऊन तीनशे किलोमीटरचं पेट्रोल आणि पुलाचा टोल. बेरीज साधारण १५३० कॅनेडियन डॉलर होते.

तोच सेट इथे टायर १९० आणि रिम ९० ने मिळाला, तर टायरवरच्या पर्यावरण शुल्काचे २० डॉलर आणि एचएसटी धरून १२८८ होतात. तुम्ही म्हणाल, इथला भाव मी मुद्दाम कमी धरला. बरं, उलटं करू. इथल्या सेटची करापूर्वीची किंमत किती असली की बरोबरी होते? रूपांतर केलेल्या अमेरिकी किमतीपेक्षा साधारण १८ टक्क्यांनी जास्त. म्हणजे इथला दुकानदार तुम्हाला १८ टक्के ‘लुटतो’ तेव्हा कुठे तुमचा शनिवार फुकटात जातो. कमाई त्याच्या पुढे सुरू होते.

यात मी आयात शुल्क धरलेलंच नाही. अमेरिका, मेक्सिको किंवा कॅनडात बनलेला टायर असेल तर २०२०पासून लागू असलेल्या त्रिपक्षीय करारामुळे तो शुल्काविना येतो. पण शुल्क टायर कुठे विकत घेतला यावर ठरत नाही, तो कुठे बनला यावर ठरतं. अमेरिकी साइटवर जपानी किंवा चिनी बनावटीचा टायर घेतलात तर ७ टक्के वेगळे. जपानशी कॅनडाचा वेगळा करार आहे, पण माल आधी अमेरिकेच्या बाजारात उतरून तिथे विकला गेला की त्या कराराची सवलत साधारणपणे हातची जाते. साइटवर टायरचं नाव असतं, नक्षीचा फोटो असतो, तारे असतात. तुमच्या मापाचा टायर कुठल्या कारखान्यातून येणार हे बऱ्याचदा बॉक्स उघडल्यावरच कळतं. शिवाय ४ मार्च २०२५ला कॅनडाने ३० अब्ज डॉलरच्या अमेरिकी मालावर २५ टक्के प्रतिशुल्क लावलं, १ सप्टेंबरपासून त्यातलं बरंचसं मागे घेतलं, पण पोलाद, अ‍ॅल्युमिनियम आणि गाड्यांवरचं ठेवलं. आता तुमची अ‍ॅल्युमिनियमची अलॉय रिम यात कुठे बसते, हे रात्री अकरा वाजता मोबाइलवर ऑर्डर टाकणारा कोण तपासून बघतो?

मग काका खोटं बोलतात का? नाही. काका खरंच पंधरा वर्षं आणतायत. गोष्ट एवढीच आहे की त्यांचा सल्ला २०११चा आहे. २०१०पासून २०१२पर्यंतचा बराच काळ कॅनेडियन डॉलर अमेरिकी डॉलरच्या बरोबरीला होता, कधी चार पैसे वरच. बाहेरच्या राज्यातल्या ऑनलाइन दुकानाचं न्यूयॉर्कमध्ये स्वतःचं काही नसेल, तर त्याला तिथला विक्रीकर गोळा करावा लागत नसे. तो नियम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१८मध्ये, साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात बदलला. वरचाच हिशेब २०११च्या भावाने आणि विक्रीकर वगळून केला, तर बफेलोचा सेट साधारण १०३० डॉलरला पडतो आणि अडीचशे डॉलर खरोखर वाचतात. तेव्हाचा तो उत्तम सल्ला होता. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही अशा गोष्टीला जुना कॅश म्हणतो. मूळ माहिती कधीच बदललेली असते, पण आपण साठवून ठेवलेलं उत्तर देत राहतो, कारण ते पटकन देता येतं.

आजही काही जणांचा फायदा होतो, हे मान्य. विंडसरला राहणारा, गाडीला वीस इंची चाकं असलेला, आदल्या मोसमातला उरलेला माल मार्चमध्ये हेरून ठेवणारा माणूस आजही पैसे वाचवत असेल. त्याला माझं काही सांगणं नाही. ग्रुपवर प्रश्न विचारणारा तो नसतो.

विचारणारा कोण असतो, ते बघा. त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट आणि कॅनडाचा स्टडी किंवा वर्क परमिट असतो. त्याला अमेरिकेत पाऊल ठेवायला व्हिसा लागतो. कॅनडाचं पीआर कार्ड मिळालं तरी लागतोच, कारण पासपोर्ट भारताचाच राहतो. व्हिसाची फी १८५ अमेरिकी डॉलर, आणि मुलाखतीची तारीख मिळायला कित्येक महिने. म्हणजे ज्याला चार टायर परवडत नाहीत त्याला आपण सांगतो, आधी दीड टायरच्या किमतीची फी भर, मग पुढच्या उन्हाळ्यात मुलाखत दे, मग या हिवाळ्याचे टायर आण. हे सांगणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. वाईट हेतू असतो म्हणून नव्हे. निळा पासपोर्ट हातात येऊन आठ वर्षं झाली की सीमा म्हणजे फक्त एक पूल उरतो आणि ‘शनिवारी जाऊन उचल’ हे वाक्य ‘कोपऱ्यावरून दूध आण’ इतकं सहज तोंडातून निघतं. स्वस्त टायर मिळवणं ही तुमची हुशारी आहे असं तुम्हाला वाटतं. त्यातली हुशारी थोडी आणि पासपोर्ट जास्त आहे.

यावर ठरलेलं उत्तर म्हणजे ‘मग घरपोच मागवावं’. मागवा की. कित्येक अमेरिकी दुकानं कॅनडात पाठवतच नाहीत. जी पाठवतात त्यांची चार जड चाकांची वाहतूक आणि कुरियर कंपनीची सीमाशुल्क प्रक्रियेची फी आधी बघा. आणि चाकं गाडीला बसली नाहीत तर ती परत सीमेपलीकडे कोणी आणि कोणाच्या खर्चाने पाठवायची, भरलेला कर परत कुठे मागायचा, हेही विचारून ठेवा.

आणखी एक उत्तर असतं, ते ग्रुपवर येत नाही, खाजगी मेसेजमध्ये येतं. ‘तिकडेच गाडीला बसवून घे, थोडा चिखल लाव, विचारलं तर जुनेच आहेत म्हण.’ हे हसत हसत सांगितलं जातं. एक दिवसाच्या फेरीला कॅनडा काहीच सूट देत नाही. चोवीस तास बाहेर राहिलात तर २०० डॉलरपर्यंत, अठ्ठेचाळीस तास राहिलात तर ८००पर्यंत. बाकी सगळं जाहीर करायचं असतं. नागरिकाने लपवलं आणि सापडला तर माल जप्त होतो, दंड भरून सोडवता येतो, घरी येऊन बायकोची बोलणी खाल्ली की प्रकरण मिटतं. तात्पुरत्या परवान्यावर असलेल्या, उद्या पीआरचा अर्ज करणाऱ्या मुलाने सीमाधिकाऱ्यासमोर खोटं बोलणं ही वेगळी गोष्ट आहे. त्याच्या नावावर ती नोंद राहते. दीडशे डॉलरच्या करासाठी आपण कोणाला काय पणाला लावायला सांगतोय, याचा विचार ‘हाहाहा’ टाइप करण्याआधी एकदा करावा.

पण माझा खरा राग पैशांवरून नाही. वेळेवरून आहे.

माझ्या ओळखीतला एक मुलगा, सांगलीकडचा, किचनरला कॉलेजात शिकतो आणि संध्याकाळी डिलिव्हरी करतो. तीन रूममेट मिळून एक गाडी. ऑक्टोबरात त्याला वर सांगितलेला सल्ला मिळाला. मग एका दादांनी ‘मी जाणारच आहे, तुझेही आणतो’ म्हटलं. दादांचं जाणं लांबलं, मुलांच्या परीक्षा, मग थँक्सगिव्हिंगचा सेल येऊ दे, मग ब्लॅक फ्रायडे येऊ दे, तेव्हा आणखी स्वस्त मिळेल. ब्लॅक फ्रायडे म्हणजे नोव्हेंबरचा शेवट. तोपर्यंत इथे दोनदा बर्फ पडून गेला होता. पोरगं रोज रात्री अकरापर्यंत तीन हिवाळे चाललेल्या ऑल-सीझन टायरवर दुसऱ्यांचं बिर्याणी-नान पोचवत होतं, कारण टायर ‘येतच’ होते. एका रात्री उतारावरच्या सिग्नलला ब्रेक लावला आणि गाडी थांबलीच नाही. सरकत जाऊन फुटपाथच्या कडेला आदळली. पुढची रिम वाकली, सस्पेन्शनचा एक दांडा गेला. समोर कोणी नव्हतं, एवढंच नशीब. दुरुस्तीचं बिल टायरच्या पूर्ण सेटपेक्षा जास्त झालं.

दादा चांगले आहेत. त्यांनी खरोखर मदतच करायची होती. पण त्या सहा आठवड्यांत त्या मुलाला कोणीही असं म्हटलं नाही की, अरे, या शनिवारी जा आणि गावातले मिळतील ते, साध्यातल्या साध्या ब्रँडचे चार विंटर टायर टाक. स्वस्तातला विंटर टायर आणि महागातला विंटर टायर यांच्यात फरक असतो, तो मी नाकारत नाही. पण विंटर टायर असणं आणि नसणं यांतला फरक त्याच्या कितीतरी पट आहे. आणि ग्रुपवरची सगळी चर्चा पहिल्या फरकावर चालते. मिशेलिन घ्यावा की ब्लिझॅक, लोखंडी रिम की अलॉय, शंभर डॉलर कुठे वाचतील. तोपर्यंत गाडी उन्हाळी बुटांवर पळत असते.

ओंटारिओत ऑक्टोबर २०२५पासून किमान वेतन तासाला १७.६० डॉलर आहे. परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येतं. वरचा १२८८ डॉलरचा इथला सेट म्हणजे त्याच्या हातचे ७३ तास, तीन आठवड्यांची पूर्ण कमाई, तीही कर कापण्याआधीची. त्याला ‘इथे लुटतात’ हे सांगायची गरज नाही, ते त्याला दिसतंय. त्याला ही रक्कम कशी भरायची ते सांगा. टायरची दुकानं हप्ते देतात का, ते फोन करून विचारून द्या. तुम्ही गाडी बदललीत तेव्हा गॅरेजमध्ये पडून राहिलेला जुना सेट कोणाला लागतो का, ते बघा. दर ग्रुपमध्ये असे दोन-तीन सेट धूळ खात असतात, हे मी पैजेवर सांगतो.

चाकांबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण ‘रिमसकट मागव’ हे जितक्या हलक्या हाताने सांगितलं जातं तितकं ते हलकं नाही. होंडा सीआर-व्ही आणि टोयोटा रॅव्ह-फोर, दोन्हींना पाच बोल्ट, दोन्हींचं बोल्टवर्तुळ ११४.३ मिलिमीटर. साइट म्हणते, बसेल. पण चाकाच्या मधलं भोक होंडाचं ६४.१ मिलिमीटर आणि टोयोटाचं ६०.१. टोयोटाची रिम होंडाच्या हबवर चढणारच नाही. होंडाची रिम टोयोटावर चढेल, पण मधे चार मिलिमीटर ढिली राहील, आणि गाडी वेगात थरथरायला लागली की मालक बॅलन्सिंगवाल्याला शिव्या देईल. त्यासाठी मधे बसवायची प्लास्टिकची किंवा धातूची कडी मिळते, पण ती लागते हे आधी कळायला हवं. नटांचं तसंच. होंडाच्या मूळ रिमला गोलाकार बुडाचे नट लागतात, बाजारातल्या बहुतेक रिमना शंकूच्या आकाराचे. चुकीचा नट आवळला जातो, घट्टही वाटतो आणि काही दिवसांनी सैल होतो. बाहेरून आणलेलं चाक बसवायला गावातल्या काही गॅरेजवाल्यांची तयारी नसते, किंवा ते जास्त पैसे मागतात. त्यात लबाडी आहे असं मला वाटत नाही. तुमचं आणलेलं चाक सुटलं तर जबाबदारी कोणाची, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. साध्या, जवळच्या दुकानातून घेतलेला सेट बसला नाही तर त्याच दिवशी काउंटरवर परत देता येतो. याची किंमत कोणी हिशेबात धरत नाही.

मग इथल्या किमती रास्त आहेत का? अजिबात नाहीत, आणि माझा लेख दुकानदारांच्या बाजूने आहे असं कोणी समजू नये. टोरोंटोहून माँट्रियालकडे जाताना ४०१ महामार्गावर नॅपनी लागतं, तिथे गुडइयरचा कारखाना आहे. मिशेलिनचे नोव्हा स्कोशियात तीन आहेत, ब्रिजस्टोनचा क्यूबेकमध्ये जोलिएटला. कॅनडात बनलेला टायर अमेरिकेत जाऊन तिथे इथल्यापेक्षा स्वस्त विकला जाऊ शकतो. यात नुसती वाहतूक आणि लोकसंख्या नाही. कॅनडाच्या सिनेटच्या अर्थविषयक समितीने याच प्रश्नावर फेब्रुवारी २०१३मध्ये अहवाल दिला होता. त्यातलं एक मुख्य कारण सरळ होतं: उत्पादक कंपन्या दोन देशांना दोन वेगळे बाजार धरतात आणि कॅनडाचा ग्राहक जितकं देईल तितकं लावतात. डिसेंबर २०१४मध्ये सरकारने या भेदभावाची चौकशी करण्याचा अधिकार देणारं विधेयक आणलं. पुढच्या वर्षी निवडणूक लागली आणि ते संसदेबरोबर विसर्जित झालं.

त्यानंतर आपण काय केलं? बफेलोला गेलो. ज्यांच्याकडे आवाज होता, मत होतं, खासदाराला मेल लिहिण्याइतकं इंग्रजी आणि वेळ होता, त्या सगळ्यांनी आपापली वैयक्तिक पळवाट शोधली आणि गप्प बसले. पळवाट ज्यांना नाही त्यांना मतही नाही. ‘देशी घ्या’वाल्यांशीही माझं जमत नाही. २०२५च्या शुल्कयुद्धात मेपलच्या पानाचे स्टिकर लावून हिंडणाऱ्यांना ही दोन भावांची पद्धत खटकल्याचं मी तरी ऐकलं नाही.

राज्य सरकारांबद्दलही तेच. क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत, नसले तर २०० ते ३०० डॉलर दंड. ब्रिटिश कोलंबियात १ ऑक्टोबरपासून बहुतेक महामार्गांवर सक्ती आहे, डोंगरातल्या रस्त्यांवर ३० एप्रिलपर्यंत. ओंटारिओत सक्ती नाही. इथे २०१६पासून विमा कंपन्यांनी विंटर टायरवाल्याला सवलत द्यायची असा नियम आहे. सवलत मिळते ती साधारण पाच टक्क्यांपर्यंत, आणि कोणाला? ज्याने आधीच टायर घेतले त्याला. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो पूर्ण हप्ता भरून गुळगुळीत टायरवर फिरतो आणि त्याच्या मागून, पुढून आपण सगळे फिरतो. सक्ती केली तर गरिबावर बोजा पडेल, असं म्हणतात. आजही पडतोच आहे, फक्त तो टायरच्या बिलाऐवजी बॉडी शॉपच्या बिलातून पडतो. सक्तीबरोबर हप्त्यांची सोय आणि विमा सवलत आगाऊ देण्याची अट घाला, मग बोजाचं बोलू.

तर दादा, काका, यंदा ग्रुपवर प्रश्न आला की एवढं लिहा. टायरच्या बाजूवरचं माप काय आहे त्याचा फोटो टाक. या मापाचे विंटर टायर गावात कुठे आहेत ते आम्ही तिघं उद्या फोन करून सांगतो. वापरलेला सेट घेत असशील तर बाजूवर डीओटीनंतरच्या शेवटच्या चार आकड्यांचा फोटो टाक. ४३१९ असेल तर तो २०१९च्या ४३व्या आठवड्यात बनलाय, आता जुना झाला, पुढचा बघ. नक्षी ४ मिलिमीटरच्या आसपास आली असेल तर बर्फासाठी तो घेऊ नकोस, विकणारा काहीही सांगो. चारही एकसारखे घे, दोनच टाकून भागवू नकोस. नवीन रिम बसवल्या की शंभर किलोमीटरनंतर नट परत आवळून घे. आणि हे सगळं पहिल्या बर्फाआधी कर. पहिला बर्फ पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या प्रत्येक टायरवाल्याचा फोन एंगेज असतो आणि तारीख मिळते ती तीन आठवड्यांनंतरची.